यंत्राच्या पत्रांची पाठचिकित्सा

मराठी पत्रव्यवहाराशी आपल्या विद्यार्थ्याची गाठ अभ्यासक्रमात दोनदा पडते. एकदा मध्ययुगीन गद्याच्या निमित्ताने, बखरींच्या शेजारी ऐतिहासिक पत्रे येतात तेव्हा. आणि दुसऱ्यांदा ‘व्यावहारिक मराठी’च्या अभ्यासपत्रिकेत, जिथे मायना, विषय, संदर्भ, आपला विश्वासू अशा क्रमाने कार्यालयीन पत्राचा नमुना घोटून घेतला जातो. या दोन पत्रांच्या मधला किंवा पलीकडचा एक पत्रप्रकार मात्र आपण अद्याप दखलपात्र मानलेला नाही. तो म्हणजे कोणीही बसून न लिहिलेले, ठरलेल्या वेळी संगणकाने आपण होऊन शेकडो जणांना धाडलेले पत्र. प्रवेश मिळाल्याचे, शुल्क थकल्याचे, परीक्षा अर्जाची मुदत संपत आल्याचे, निकाल लागल्याचे, सारे काही आज विद्यार्थ्याला याच पत्रातून कळते, किंवा कळायला हवे असते. आयुष्यात त्याला येणाऱ्या मराठी पत्रांत आता बहुसंख्य पत्रे याच जातीची असणार. तरीही ‘पत्रवाङ्मय’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पिवळे पडलेले कागदच येतात.

आम्ही दोघेही पदवी व पदव्युत्तर वर्गांना मराठी शिकवतो. संगणकशास्त्राशी आमचा संबंध गरजेपुरता आहे. परंतु गेली काही वर्षे अशी स्वयंचलित पत्रे का पोचत नाहीत, पोचली तर वाचता का येत नाहीत आणि वाचता आली तर कळत का नाहीत, हे पाहण्याचे काम निरनिराळ्या निमित्तांनी आमच्याकडे येत राहिले. त्या अनुभवातून बनलेले एक मत येथे मांडायचे आहे. या पत्रांच्या बिघाडाचे निदान ही केवळ तंत्रज्ञाची बाब नसून तिचा निम्म्याहून अधिक भाग भाषाभ्यासकाच्या कक्षेतला आहे. आणि तो भाग आपण आपला मानत नसल्यामुळे त्याची किंमत विद्यार्थी मोजतात.

प्रथम शब्दांविषयी थोडेसे. पत्र पाठवणाऱ्या आज्ञावलीला सगळे ‘स्क्रिप्ट’ म्हणतात. मराठीत हा शब्द आधी नाटकाची संहिता म्हणून आला, लिपी हा त्याचा दुसरा अर्थ, आणि आता हा तिसरा. गंमत अशी की आपल्या प्रकरणात तिन्ही अर्थ एकमेकांत अडकतात : आज्ञावली बिघडली की लिपी फुटते, आणि लिपी सावरली तरी संहिता वाईट असू शकते. ‘ईमेल’साठी मधल्या काळात ‘विरोप’ हा चांगला शब्द काही हौशी मंडळींनी चालवून पाहिला. तो रुळला नाही. रूढ शब्दाचे लिंगही अजून ठरलेले नाही. ‘मेल आला’, ‘मेल आली’ आणि ‘ईमेल आलं’ हे तिन्ही प्रयोग आम्हांला एकाच स्टाफरूममध्ये ऐकू येतात. आम्ही येथे पुष्कळदा नुसते ‘पत्र’ म्हणू. तो शब्द पुरेसा आहे.

आता बिघाडाकडे वळू. सर्वांत दर्शनी बिघाड लिपीचा. ईमेल वाहून नेण्याची जी पद्धत आजही पायाशी आहे तिचे मूळ टिपण जोनाथन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिले. ती पद्धत सात बिटांच्या अक्षरांसाठी होती; म्हणजे इंग्रजी वर्णमाला, अंक आणि विरामचिन्हे, एवढेच तिचे जग. जगातील इतर लिप्यांना त्या वाटेने जायचे तर रोमन अक्षरांचा वेष घेऊन जावे लागे. तो वेष कसा घ्यायचा याचे नियम १९९२ मध्ये नेथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी सिद्ध केलेल्या ‘माइम’ या मानकाने घालून दिले. त्याच वर्षी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-८ ही पद्धत रचली. आज मराठी मजकूर बहुतांशी तिच्यातूनच प्रवास करतो. या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे होते. येथे चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे : काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त यांपैकी प्रत्येक जण स्वतंत्र. ‘मराठी’ हा तीन अक्षरी शब्द पाच चिन्हांचा आणि पंधरा बाइटांचा आहे.

हे तीन बाइट एकत्र वाचायचे आहेत हे पत्राच्या शिरोभागी सांगावे लागते. पाठवणाऱ्या स्क्रिप्टने ते सांगितले नाही, किंवा चुकीचे सांगितले, तर वाचणारे यंत्र प्रत्येक बाइटाला स्वतंत्र पाश्चात्य अक्षर समजते आणि मग तो सुप्रसिद्ध कचरा दिसतो, ज्यात डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला रोमन ए पुनःपुन्हा येत राहतो. बहुतेक लोक तो पाहून पत्र पुसून टाकतात. पाठचिकित्सेचा संस्कार झालेल्या माणसाने मात्र येथे थांबावे, कारण हा कचरा नियमबद्ध आहे. तिरक्या रेघेच्या त्या ए-नंतर चार टोकांचे एक चलनचिन्ह आले, तर मूळ चिन्ह स्वर, व्यंजन, काना अथवा ऱ्हस्व वेलांटी आहे. जपानी येनचे चिन्ह आले, तर ते दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा, हलन्त या पुढच्या गटातले आहे. तिसरे चिन्ह नेमके अक्षर सांगते. म्हणजे हा लेखनिकाचा प्रमाद असला तरी सुसंगत प्रमाद आहे. त्यावरून मूळ पाठ जवळजवळ संपूर्ण परत मिळवता येतो.

‘जवळजवळ’ हा शब्द जाणूनबुजून वापरला आहे. पाश्चात्य अक्षरांच्या ज्या कोष्टकातून हा विपर्यास होतो, विंडोजच्या त्या कोष्टकात २५६ पैकी पाच घरे रिकामी आहेत, आणि त्यांतले एक घर नेमके आपल्या हलन्ताच्या तिसऱ्या बाइटाच्या वाट्याला येते. परिणामी, असा मजकूर एका ठिकाणाहून उचलून दुसरीकडे डकवताना सर्वांत आधी जोडाक्षरे मोडतात. ‘ठ’ची गोष्ट आणखी विलक्षण आहे. त्याचा तिसरा बाइट त्या कोष्टकात न तुटणारी मोकळी जागा म्हणून वाचला जातो, आणि एखाद्या नीटनेटक्या स्क्रिप्टने फालतू जागा साफ करण्याचे मनावर घेतले की तो बदलतो किंवा नाहीसा होतो. ‘मराठी’ या शब्दातच तो ‘ठ’ आहे, हे आम्ही कोणत्याही उपरोधाशिवाय नोंदवतो.

याच्या उलट दुसरा प्रकार, ज्यात प्रत्येक चिन्हाच्या जागी साधे प्रश्नचिन्ह येते. तो दिसायला सोज्ज्वळ, पण घातक. त्याचा अर्थ असा की वाटेत कोणीतरी, बहुधा विद्यार्थ्यांची नावे साठवणाऱ्या विदागाराने, देवनागरी ठेवण्याची सोय नसलेल्या कोष्टकात मजकूर कोंबला आणि जे बसेना ते फेकून दिले. मायएसक्यूएल या लोकप्रिय विदागाराचे मूळ ठरावीक कोष्टक २०१८ साली आठवी आवृत्ती येईपर्यंत पाश्चात्य लिपीचेच होते. त्याआधी उभारलेल्या आणि पुढे तशाच चालू राहिलेल्या प्रणाल्यांत हा दोष असण्याची शक्यता मोठी. येथे पाठ पुनःस्थापित करता येत नाही. सहा प्रश्नचिन्हांवरून ‘सुनीता’ की ‘अविनाश’ हे कोणालाही सांगता येणार नाही, कारण दोन्ही नावे सहाच चिन्हांची आहेत. पहिल्या प्रकारात हस्तलिखित वाळवीने खाल्लेले असते, दुसऱ्यात जळलेले. ऑपरेटरच्या भाषेत मात्र दोन्ही तक्रारींचे नाव एकच : ‘मराठी फॉन्टचा प्रॉब्लेम’. श्रीलिपी आणि तत्सम खासगी फॉन्टांच्या काळात हे नाव बरोबरही होते. आज फॉन्टचा यात क्वचितच संबंध असतो, पण निदान त्या काळात अडकून पडले आहे, आणि चुकीच्या निदानावर नवा फॉन्ट टाकण्याचा उपचार वर्षानुवर्षे चालू आहे.

विषयाच्या ओळीचे दुखणे वेगळे असते. माइमच्या नियमाप्रमाणे तेथील वेषांतरित तुकडा पंच्याहत्तर अक्षरांहून मोठा असू शकत नाही. वेष्टनाची अक्षरे वजा केली आणि हिशेब मांडला तर एका तुकड्यात मूळ पंचेचाळीस बाइट, म्हणजे फार तर पंधरा देवनागरी चिन्हे मावतात. त्याहून लांब विषय तोडावा लागतो, आणि चिन्हाच्या पोटात तोडू नये असा स्पष्ट नियम आहे. घाईने लिहिलेली स्क्रिप्ट तो पाळत नाही. आता ‘परीक्षा अर्जाची अंतिम मुदत’ हा अत्यंत साधा विषय घ्या. ‘परीक्षा’ची सात चिन्हे, ‘अर्जाची’ची सात, दोन मोकळ्या जागा, बाइट झाले चव्वेचाळीस. पंचेचाळिसावा बाइट पडतो तो ‘अंतिम’मधल्या ‘अ’चा पहिला तृतीयांश. तेथे सुरी फिरली की ‘अ’च्या जागी काळ्या शंकरपाळ्यात पांढरे प्रश्नचिन्ह असलेले ते चिन्ह उमटते आणि अनाथ अनुस्वार पुढे लोंबत राहतो. साऱ्या ओळीत महत्त्वाचा शब्द एकच होता, तोच फुटला. चाचणी म्हणून ‘नमस्कार’ एवढाच विषय घालून पाहणाऱ्याला हा दोष कधीच दिसणार नाही. कोणता विषय घालून पाहायचा, हे सुचायला जोडाक्षरांची आणि चिन्हांची जाण हवी. म्हणजे आपल्याकडे प्रथम वर्षाला शिकवले जाणारे लिपिविज्ञान हवे.

या सर्व कटकटींवर अनेक संस्थांनी काढलेला तोडगा असा की मराठी सूचनेचे चित्र काढून ते पत्राला जोडावे. चित्र फुटत नाही हे खरे. परंतु त्यातला शब्द शोधता येत नाही, उचलून घेता येत नाही, आणि पडदावाचक वापरणाऱ्या अंध विद्यार्थ्याच्या लेखी ते कोरे पान असते. मराठी विभागांत अंध विद्यार्थ्यांची संख्या नगण्य नसते, हे शिकवणाऱ्यांना ठाऊक आहे. दुसरा तोडगा म्हणजे ‘इंग्रजीतच पाठवा’. त्यावर वेगळे काही लिहिण्याची गरज नाही.

लिपी सावरली की व्याकरणाचा प्रश्न उभा राहतो, आणि येथे तर तंत्रज्ञाकडून अपेक्षाच ठेवणे अन्यायाचे आहे. स्वयंचलित पत्र म्हणजे मोकळ्या जागा ठेवलेले वाक्य. त्या जागांत यादीतले नाव, गाव, विषय भरले जातात. इंग्रजीत हे चालून जाते, कारण तेथे नामाला फारसा विकार होत नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. गावाच्या पुढे ‘ला’ चिकटवण्याचे ठरवून लिहिलेले वाक्य कोल्हापूर, नाशिक, सांगली, मडगाव येथवर उत्तम चालते. यादीत पुणे, ठाणे, सातारा, फोंडा आले की ‘पुणेला’, ‘ठाणेला’, ‘साताराला’, ‘फोंडाला’ अशी रूपे तयार होतात. विद्यार्थी ती वाचतात, हसतात आणि पुढे स्वतःही लिहू लागतात. हसण्यापेक्षा हे दुसरे अधिक गंभीर. यंत्राला सामान्यरूपाचे सारे नियम व अपवाद शिकवता येतील, पण त्याहून सोपा उपाय लिहिणाऱ्याच्या हातात आहे : रिकामी जागा विकारापासून दूर ठेवावी. ‘आपल्याला पुण्याला यावे लागेल’ असा साचा न करता ‘परीक्षा केंद्र : पुणे’ असे लिहावे. शब्दयोगी अव्ययापूर्वीही सामान्यरूप होतेच, म्हणून ‘येथे’, ‘या गावी’, ‘या केंद्रावर’ अशी मध्ये ढाल घ्यावी.

लिंगाचेही तसेच. ‘आपण उत्तीर्ण झाला आहात’ हे वाक्य निम्म्या वर्गाला लागू पडत नाही. आमच्या वर्गांत तर निम्म्याहून अधिक. कंसात ‘झाल्या’ घालणे ही कार्यालयीन कुरूपता. पण कर्तरी प्रयोग सोडला की प्रश्नच मिटतो. ‘आपण अर्ज भरला आहे’ यात क्रियापद अर्जाच्या मागे जाते, भरणाऱ्याच्या मागे नाही. ‘आपली निवड झाली आहे’, ‘आपले शुल्क मिळाले’, ‘आपल्याला प्रवेश देण्यात आला आहे’ ही सारी वाक्ये वाचणारा पुरुष आहे की स्त्री हे विचारत नाहीत. ज्यांना त्या दोन रकान्यांत बसायचे नाही त्यांनाही ती दुखावत नाहीत. कर्मणी आणि भावे प्रयोग ‘आयुष्यात कुठे लागतात’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही अलीकडे हे उदाहरण देतो. त्याला ते दामल्यांच्या व्याकरणातल्या उदाहरणांपेक्षा चटकन पटते, याबद्दल दामले आम्हांला क्षमा करतील.

आणि ‘आज’? ‘आज सायंकाळी पाचपर्यंत अर्ज भरावा’ या वाक्यातला ‘आज’ बोलणाऱ्याच्या स्थळकाळावर अवलंबून असतो हे आपण अर्थविचार शिकवताना सांगतो. स्क्रिप्टला स्वतःचा आज नसतो. ती ज्या सर्व्हरवर राहते त्याचे घड्याळ पुष्कळदा जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असते, आणि ती वेळ आपल्या साडेपाच तास मागे. सकाळी अकराला जावे म्हणून लावलेले पत्र त्या घड्याळाच्या अकराला, म्हणजे आपल्या दुपारी साडेचारला निघते आणि पाचच्या मुदतीला अर्धा तास उरतो. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळात तर त्या यंत्राची तारीखही आदल्या दिवसाची असते. तेव्हा घड्याळ जरूर दुरुस्त करावे, पण वाक्यही दुरुस्त करावे : वार, तारीख, महिना, वर्ष आणि ‘भारतीय वेळेनुसार’. जुन्या पत्रांच्या कालनिर्णयासाठी संशोधकांनी किती खस्ता खाल्ल्या हे ज्यांनी वाचले आहे त्यांनी तरी तारखेविना ‘आज’ लिहू नये.

येथवर पत्र पोचले असे आपण गृहीत धरले. न पोचणाऱ्या पत्राची कथा निराळी, आणि खरा तंटा तेथे आहे. विद्यार्थी म्हणतो, मला मिळाले नाही. कार्यालय म्हणते, आम्ही पाठवले होते, संगणकात नोंद आहे. या नोंदीचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पीएचपी या भाषेत पत्र पाठवण्याची जी साधी आज्ञा आहे तिने ‘होय’ म्हटले, तर त्याचा अर्थ तिच्या अधिकृत माहितीपुस्तकातच दिलेला आहे : पत्र पुढे पाठवण्यासाठी स्वीकारले गेले, पोचलेच असे नाही. शेजारच्या सर्व्हरने दिलेला २५० हा आकडाही एवढेच सांगतो की हे पत्र मी घेतले, आता जबाबदारी माझी. चारशेच्या घरातला आकडा म्हणजे ‘सध्या नाही, पुन्हा या’; काही सर्व्हर अनोळखी पाहुण्याला पहिल्या खेपेला मुद्दाम असे परत पाठवतात आणि तो पुन्हा येतो का पाहतात. सभ्य टपालयंत्रणा पुन्हा येते, घरगुती स्क्रिप्ट येत नाही. पाचशेच्या घरातला आकडा म्हणजे कायमचा नकार.

हा नकार कळवणारे उलट पत्र कोणाकडे जाते, हे बहुतेकांना माहीत नसते. ईमेलला दोन प्रेषक असतात. एक आतल्या कागदावरचा, जो वाचणाऱ्याला दिसतो. दुसरा पाकिटावरचा, जो फक्त टपालवाल्यांना दिसतो. न पोचलेले पत्र पाकिटावरच्या प्रेषकाकडे परत येते. स्क्रिप्टने वेगळे काही सांगितले नसेल, तर पाकिटावर सर्व्हरवरच्या कुठल्यातरी निनावी खात्याचा पत्ता पडतो. परतलेली पत्रे तेथे साचतात आणि ते खाते कोणीही उघडत नाही. आम्ही एकदा असे खाते उघडायला लावले. त्यात मागील कित्येक सत्रांची परत आलेली पत्रे होती. पत्ता लिहिताना झालेल्या साध्या चुका होत्या, भरून गेलेल्या टपालपेट्या होत्या, आणि त्या प्रत्येक पत्रामागे एक विद्यार्थी होता, ज्याला कार्यालयाने ‘पाठवले होते’ असे सांगून विलंबशुल्क भरायला लावलेले असू शकते. ज्या संस्थेत हे घडले तिचे नाव सांगण्यात अर्थ नाही. अशी न उघडलेली खाती इतरत्रही असणार.

‘पाठवले’ आणि ‘मिळाले’ यांतला भेद केवळ आमच्या भाषिक सोवळेपणातून आलेला नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या तेराव्या कलमात प्रेषण आणि प्राप्ती या दोन वेगळ्या घटना मानल्या आहेत. पाठवणाऱ्याच्या नियंत्रणाबाहेरच्या संगणकात नोंद शिरली की प्रेषण. घेणाऱ्याने त्यासाठी नेमून दिलेल्या संगणकात शिरली की प्राप्ती. त्याआधीचे कलम तर पोचपावतीविषयीच आहे. रजिस्टर टपालाची पोचपावती फायलीला टाचून ठेवणाऱ्या कार्यालयांनी ईमेल येताच पावतीची अपेक्षाच सोडून द्यावी, हे आम्हांला अजब वाटते. आमचे म्हणणे स्पष्ट आहे : परत आलेल्या पत्रांचे खाते कोण आणि कोणत्या वारी उघडतो हे लेखी ठरलेले नसेल, तर ‘पाठवले होते’ हा पुरावा विद्यार्थ्याविरुद्ध वापरता कामा नये.

पत्र परत येत नाही पण दिसतही नाही, अशी तिसरी अवस्था म्हणजे ‘स्पॅम’च्या कप्प्यात पडणे. येथे प्रश्न अस्सलपणाचा आहे. पत्रावर कोणीही कोणाचेही नाव घालू शकतो ही १९८२ च्या पद्धतीतली उणीव भरून काढण्यासाठी पुढे तीन उपाय आले. अमुक संस्थेच्या नावाने पत्र कोणत्या यंत्रांनी पाठवावे हे जाहीर करणारा एसपीएफ, मजकुरावर गुप्त किल्लीने सही करणारा डीकेआयएम, आणि या दोहोंचा दिसणाऱ्या नावाशी मेळ बसतो का व न बसल्यास काय करावे हे सांगणारा डीमार्क. मराठेकालीन कागदपत्रे हाताळलेल्याला यात अनोळखी काही नाही. पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि शेवटी मर्यादामुद्रा, म्हणजे मोर्तब, कशासाठी होते? मुद्रेने पत्र कोणाचे ते कळे. मोर्तबाने मजकूर येथे संपला, यापुढे कोणी ओळ घातली असेल तर ती आमची नव्हे, हे कळे. डीकेआयएम तेच करतो. सही झाल्यानंतर वाटेतल्या एखाद्या यंत्रणेने ‘कागद वाचवा, झाडे वाचवा’ अशी एक ओळ तळाशी जोडली तरी सही मोडते आणि अस्सल पत्र बनावट ठरू शकते. ज्ञानेश्वरीचा पाठ शके १५०६ मध्ये शुद्ध केल्यावर एकनाथांनी पुढच्यांना यात भर घालू नये असे बजावले, त्या चिंतेची जात हीच आहे.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी या बाबतीत सक्ती सुरू केली. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांच्या आसपास वा त्याहून अधिक पत्रे पाठवणाऱ्याला तिन्ही उपाय आवश्यक ठरले, आणि लहान प्रेषकालाही पहिल्या दोहोंपैकी एक तरी. याच सूचनांत, दिसणाऱ्या प्रेषकाच्या जागी जीमेलचा पत्ता लिहून पत्र मात्र परक्या सर्व्हरवरून पाठवू नये, असेही बजावले आहे. आपल्याकडे तर हाच रिवाज : कागदावर प्राचार्यांचा जीमेल पत्ता, पाकीट भाड्याच्या सर्व्हरचे. अशी पत्रे एकाएकी स्पॅममध्ये जाऊ लागली यात आश्चर्य नाही. मे २०२२ च्या अखेरीस गूगलने खासगी खात्यांत नुसत्या परवलीच्या शब्दावर स्क्रिप्टला प्रवेश देणे बंद केले, तेव्हाही वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेल्या कित्येक स्क्रिप्टा मुक्या झाल्या. ‘कालपर्यंत चालू होते’ या वाक्याचे उत्तर अनेकदा आपल्या यंत्रात नसते, बाहेरच्या नियमात असते.

यातले किती आपण स्वतः पाहू शकतो? बरेच. कोणतेही ईमेल त्याच्या मूळ रूपात उघडून पाहण्याची सोय टपालपेटीत असते. तेथे प्रत्येक सर्व्हरने आपली नोंद आधीच्या नोंदीच्या वर लिहिलेली असते, म्हणून प्रवास खालून वर वाचायचा. प्रत्येक नोंदीत वेळ आणि जागतिक वेळेपासूनचे अंतर असते. तिन्ही परीक्षांचा निकाल दिलेला असतो. मजकूर कोणत्या लिपिपद्धतीत आहे हे लिहिलेले असते. प्रतींची वंशावळ मांडायला शिकलेल्या एम.ए.च्या विद्यार्थ्याला हे वाचायला एक तासिका पुरते. आम्ही ती घेऊन पाहिली आहे.

आमच्या काही सहकाऱ्यांना हे मान्य नाही. त्यांचे म्हणणे, साहित्याच्या अध्यापकाने सर्व्हरच्या नोंदी वाचत बसणे म्हणजे विषयाचे अवमूल्यन. आधीच मराठी विभागाकडे फलकलेखन आणि निवेदनाची कामे ढकलली जातात, त्यात ही भर. या तक्रारीत तथ्य आहे. विनामोबदला वेठबिगार आम्हांलाही नको. काम द्यायचे तर ते कार्यभारात धरावे. पण अवमूल्यनाचा मुद्दा आम्हांला पटत नाही. विद्यार्थ्याच्या हाती पडणारे सर्वाधिक मराठी गद्य ज्या साच्यांतून निघते, ते साचे मराठी न जाणणाऱ्याने इंग्रजीवरून उतरवायचे आणि आपण समकालीन गद्यशैलीवर चर्चासत्रे घ्यायची, ही विभागणी कोणाला सन्मानाची वाटत असेल तर असो.

राहता राहिली पत्राच्या तळाची ओळ : ‘हे पत्र संगणकाने तयार केले आहे, कृपया उत्तर देऊ नये.’ तांत्रिकदृष्ट्या तिची गरज नसते. उत्तर कोठे जावे हे सांगणारा वेगळा पत्ता प्रत्येक पत्रात देता येतो, आणि तो एखाद्या उघडल्या जाणाऱ्या पेटीचा असू शकतो. ती ओळ लिहिली जाते ती कोणाला उत्तर वाचायचे नसते म्हणून. पत्र म्हटले की दोन टोके आली. एकच टोक असेल तर ती दवंडी. आमच्या विभागापुरती आम्ही ती ओळ काढायला लावली, तिच्या जागी विभागाचा पत्ता आणि ज्या व्यक्तीने मजकूर लिहिला तिचे नाव घातले. आठवडाभरात उत्तरे आली. बहुतेक नुसती ‘मिळाले, सर’ एवढीच. एका विद्यार्थिनीने मात्र लिहिले की कार्यालयाच्या वेळापत्रकावरून घेतलेल्या मजकुरात तोंडी परीक्षेचा वार शनिवार छापला आहे आणि शेजारची तारीख रविवारची आहे; मॅडम, यातले कोणते धरायचे?